हात मांडीवर असू द्या

चटई अंथरा आणि बसा. खिडकी डावीकडे येऊ द्या, म्हणजे उजव्या हाताची सावली टाक्यावर पडणार नाही. शेजारी सात-आठ वर्षांचं मूल. मध्ये फेल्टचा तुकडा, हातभर मेणकापड, दोऱ्याची लडी, दोन जाड सुया. घाई नाही.

आधी फेल्टवरून अंगठा फिरवा. याला ताणाबाणा नाही. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. ऊब, ओल आणि घासणं मिळालं की तंतू एकमेकांत गुंततात, ते कायमचेच. काश्मिरी नमदा असाच होतो. म्हणून कापलेल्या कडेतून धागे सुटत नाहीत, कड दुमडावी लागत नाही. शिकणाऱ्या हातांसाठी याहून मायाळू कापड मला माहीत नाही.

आता दोरा. मुलाच्या खांद्यापासून बोटांपर्यंत, तेवढाच. लांब घेतला की गुंता होतो. मूल दोऱ्याचं टोक ओलं करतं, एक डोळा मिटतं. नेढं चुकतं. पुन्हा चुकतं. तुमचा हात पुढे येऊ पाहतो. तो मांडीवर ठेवा. श्वास सोडा. चौथ्या वेळी दोरा आपोआप पलीकडे गेल्यासारखा जातो, आणि त्या चेहऱ्याकडे बघायला तुम्ही मोकळे असता.

धावदोरा. सुई वर, सुई खाली. एक टाका तांदळाएवढा, पुढचा शेंगदाण्याएवढा. राहू द्या. उसवावासा वाटला तर मूलच उसवेल. फेल्टवरची छिद्रं बोटाने चोळली की बहुतेक दिसेनाशी होतात.

मेणकापडाचं तसं नाही. तान्ह्या बाळाच्या दुपट्याखाली घालतात ते हेच. पूर्वी कापडावर जवसाचं उकळलेलं तेल चढवून ते करत, आता बहुधा वर प्लास्टिकचा थर असतो. यात पडलेलं छिद्र बुजत नाही. म्हणून टाचण्या नकोत, कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. टाके दाट घातले तर पोस्टाच्या तिकिटासारखं त्याच रेषेत फाटतं, अंतर सोडा. दाभणाने छिद्रं तुम्ही आधी पाडून द्या, एवढंच तुमचं काम. जाताना धावदोरा, येताना त्याच छिद्रांतून मधल्या मोकळ्या जागा भरायच्या. रेघ अखंड होते.

सुई टोचण्याआधी मूल क्षणभर थांबतं. कोणी सांगितलेलं नसतं. तो थांबलेला हात बघा. मला हे शिवण त्या थांबण्यासाठीच आवडतं.

बाहेर मेणकापड, आत फेल्टची दोन पानं, मधोमध टाक्यांचा कणा: सुईघर तयार झालं. गाठ मारा. दोरा कापायची कात्री मुलाच्या हाती द्या.

उठण्याआधी सुया मोजा. दोन काढल्या होत्या, दोन्ही फेल्टच्या पानात टोचून ठेवा.