वहिवाटदार आणि भक्त

२१ जुलै २०२१ रोजी कलकत्त्याच्या मैदानावर ईस्ट बंगाल क्लबच्या तंबूसमोर त्या क्लबचेच चाहते घोषणा देत उभे राहिले. घोषणा जन्मवैरी मोहन बागानच्या विरुद्ध नव्हत्या, पंचाच्या विरुद्ध नव्हत्या. त्या आपल्याच क्लबच्या पदाधिकाऱ्यांविरुद्ध होत्या. पदाधिकाऱ्यांची बाजू घेणारेही तेथे जमले. दोन्ही पक्षांची निष्ठा त्याच लाल-सोनेरी रंगांवर होती. शब्दाने शब्द वाढला, हातघाई झाली आणि शेवटी पोलिसांनी लाठ्या चालविल्या. ज्यात जमिनीचा तुकडा मिळावयाचा नाही, पगारवाढ नाही, मुलाबाळांच्या पोटाचा प्रश्न नाही, अशा गोष्टीसाठी माणसे आपल्याच माणसांशी भांडून मार खातात, ही घटना हसण्यावारी नेण्यासारखी खचित नाही. तिच्या पोटात एक जुना नैतिक प्रश्न आहे. ज्या संस्थेवर आपण प्रेम करतो, पण कायद्याने जी आपली नाही, तिच्या कारभाराविषयी बोलण्याचा अधिकार आपणांस कोठून येतो?

प्रकरण थोडक्यात असे. क्लब पैशाच्या अडचणीत होता. सप्टेंबर २०२० मध्ये श्री सिमेंट या कंपनीने गुंतवणूक करण्याचे मान्य केले, प्राथमिक करार झाला आणि त्या बळावर क्लबला इंडियन सुपर लीगमध्ये प्रवेश मिळाला. अंतिम करारनामा पुढे आला तेव्हा मात्र पदाधिकाऱ्यांनी सही करण्याचे नाकारले. या कलमांनी क्लबच कंपनीच्या हाती जाईल, असे त्यांचे म्हणणे. तुम्ही सही अडवून क्लब बुडवीत आहात, असे निदर्शकांचे म्हणणे. ऑगस्टमध्ये मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी मध्यस्थी केली आणि कंपनी आणखी एका हंगामापुरती राहिली. त्या हंगामात संघाने वीस सामन्यांपैकी अवघा एक जिंकला व तो तळाशी राहिला. त्यात भर अशी की, महामारीमुळे लीगचे ते दोन्ही हंगाम गोव्यात, रिकाम्या स्टेडियमांत खेळले गेले. संघ जणू बदलीवर गेलेला आणि त्याची माणसे दूर बंगालमध्ये पडद्यावर त्याचे पराभव मोजीत बसलेली! ज्याला मैदानात जाऊन हुर्यो करण्याचीही सोय उरली नाही, तो तंबूच्या दाराशी जाणार नाही तर काय करील?

या तंबूविषयी दोन शब्द सांगावयास हवेत. मैदानावरील क्लबांच्या कचेरीस कलकत्त्यात आजही तंबूच म्हणतात. मैदान लष्कराच्या ताब्यातले. तेथे कोणी कायमचे घर बांधून मालक व्हावे अशी सोय नाही. म्हणजे ज्या दारावर हे भांडण झाले, त्याच्या खालची जमीन भांडणाऱ्यांपैकी कोणाचीच नव्हती. सरकारी बंगल्याच्या अंगणात आंब्याचे कलम लावून त्याला फळ धरण्याच्या आत पुढच्या गावी निघणाऱ्या आपल्यासारख्यांना यात फारसे नवल वाटू नये. मालकी नसली तरी माया बसते, आणि नव्या साहेबाने ते झाड तोडल्याचे कानावर आले की दोन घास कमी जातात. पण म्हणून त्या साहेबाला जाब विचारण्याचा अधिकार आपल्याला असतो काय? येथेच खरी मेख आहे.

गंमत अशी की, ईस्ट बंगालचा जन्मच मुळी चालकांविरुद्धच्या निषेधातून झाला. १९२० साली जोडाबागान क्लबने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यातून शैलेश बोस या खेळाडूस वगळले. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांना तो अन्याय वाटला. त्यांचे कोणी ऐकले नाही, म्हणून ते बाहेर पडले, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी पूर्वेकडच्या मंडळींचा नवा क्लब उभा राहिला. पुढे फाळणी झाली. पद्मेपलीकडची घरेदारे सोडून आलेल्या लाखो लोकांना या शहरात स्वतःचे म्हणता येईल असे जे थोडेफार सापडले, त्यात हा क्लब होता. तो जिंकला की त्यांच्या घरी हिल्सा शिजे. बागान जिंकला की दुसऱ्यांच्या घरी कोळंबी. ही गोष्ट केवळ चवीची नव्हे. ज्याचा गाव नकाशावर परदेशात गेला, त्याला गावाचे नाव छातीवर मिरविणारे अकरा खेळाडू म्हणजे काय होते, हे समजून घेतल्याशिवाय तंबूसमोरचा संताप समजणार नाही.

आता उलट बाजू. ती दुबळी नाही आणि तिला दुबळी करून मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. खेळाडूंचे वेतन, प्रशिक्षकाचा करार, प्रवास, सरावाची जागा या सर्वांचा खर्च कोणीतरी उचलतो. तोटा झाला तर तो त्याच्या खिशातून जातो. चाहत्याच्या खिशातून फार तर तिकिटाचे पैसे. जबाबदारी ज्याची, निर्णय त्याचा, हा व्यवहारातला नियम आपण कचेरीत रोज पाळतो. शिवाय चाहत्याला हिशेब ठाऊक नसतात. तो आज ज्याला हाकला म्हणतो, त्यालाच दोन गोल झाले की उद्या खांद्यावर घेतो. आणि प्रेमच अधिकाराचे प्रमाणपत्र मानावयाचे, तर २१ जुलैला दोन्ही बाजूंनी तेच प्रमाणपत्र दाखविले होते. मग निवाडा कोणी करावा?

या युक्तिवादाला उत्तर शोधताना मला कलकत्त्याच्याच एका जुन्या खटल्याची आठवण होते. तेथील एका घराण्याच्या कुलदेवतेच्या सेवेविषयीचा वाद १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. सेवेची पाळी ज्याच्याकडे असेल त्याने मूर्ती आपल्या घरी हलवावी की नाही, असा प्रश्न होता. न्यायमूर्तींनी सांगितले की, देवता ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती आहे. तिला जंगम मालमत्तेसारखी वागविता येणार नाही, तिच्या इच्छेचा विचार केला पाहिजे, आणि ती इच्छा न्यायालयापुढे मांडण्यासाठी, वादात ज्याचा स्वार्थ नाही असा प्रतिनिधी नेमला पाहिजे. बंगालमध्ये देवाच्या व्यवस्थापकाला शेबाइत म्हणतात. दागिने त्याच्या कुलुपात असतात, उत्पन्न त्याच्या हातून खर्च होते, पूजेच्या वेळा तो ठरवितो. पण देव त्याचा नसतो. आपल्याकडेही देवस्थानचा वहिवाटदार आणि देवस्थानचा मालक यांत आपण फरक करीतच आलो आहोत.

क्लबाच्या बाबतीत हा दाखला मला पुष्कळसा लागू वाटतो. कंपनीने समभाग घेतले, म्हणजे खेळाडूंच्या करारांची आणि तिकिटांच्या उत्पन्नाची मालकी तिच्याकडे आली, हे खरे. परंतु ज्या वस्तूसाठी तिने पैसे मोजले, ती वस्तू कंपनीने निर्माण केलेली नाही. शंभर वर्षांची गर्दी, पावसात भिजत उभ्या राहिलेल्या रांगा, बापाने मुलाला शिकविलेले रंग, यांमुळेच त्या नावाला किंमत आली. ते वजा केले तर विकत घेण्याजोगे उरते काय? अकरा पगारी खेळाडू, आणि तेही पुढच्या हंगामात दुसरीकडे जाणारे. म्हणून चालक हा, त्याच्याकडे कितीही टक्के असोत, नैतिक दृष्ट्या वहिवाटदारच आहे. जर्मनीत या विचाराला नियमाचेच रूप दिलेले आहे: काही अपवाद सोडता, क्लबच्या कंपनीत निम्म्याहून अधिक मते सभासदांच्या मूळ संस्थेकडे राहिली पाहिजेत.

मात्र याच दाखल्याची दुसरी धार चाहत्याच्या अंगावर येते. भक्तही देवाचा मालक नसतो. देवाच्या वतीने बोलणाऱ्याचा त्या वादात स्वतःचा स्वार्थ नसावा, ही अट न्यायालयाने घातली ती उगीच नव्हे. चाहत्याचा स्वार्थ कोणता? विजय! त्याला जिंकण्याचा कैफ हवा असतो आणि तो मिळेनासा झाला की त्याला एकाएकी तत्त्वे आठवू लागतात. पराभूत संघाच्या चाहत्यांच्या निषेधाकडे म्हणूनच मी थोड्या संशयाने पाहतो. संघ पहिला असता तर करारनाम्याची कलमे कोणी वाचली असती?

हा संशय सरसकट खरा नाही, याचे उदाहरण सुदैवाने त्याच शहरात, मैदानावरच मिळते. २०२० साली मोहन बागानच्या फुटबॉलचे ८० टक्के समभाग एटीके या संघाच्या मालकांकडे गेले आणि १८८९ साली स्थापन झालेल्या, १९११ साली गोऱ्या पलटणीला हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकलेल्या त्या क्लबच्या नावामागे तीन परकी अक्षरे लागली. संघ चांगला खेळत होता. पहिल्याच हंगामात त्याने अंतिम सामना गाठला. तरीही ती अक्षरे काढा म्हणून चाहते सतत मागणी करीत राहिले. मार्च २०२३ मध्ये गोव्यात संघाने लीग जिंकली आणि त्या विजयाच्या प्रसंगीच मालक संजीव गोएंका यांनी ती अक्षरे काढीत असल्याचे जाहीर केले. (त्यांच्या जागी दुसरे दोन इंग्रजी शब्द मागे लागले, हा भाग वेगळा. वहिवाटदाराला आपली पाटी लावल्यावाचून राहवत नाही.) भरल्या ताटावर बसूनही ज्याला ताटावरचे नाव खुपते, त्याचा निषेध पराभवाच्या जळफळाटातून आलेला नाही, एवढे तरी मानले पाहिजे.

तर मग हरणाऱ्या संघाच्या चाहत्याने गप्प बसावे काय? तसे नाही. पराभव हे निषेधाचे कारण होऊ शकत नाही, पण ते पुराव्याचे काम करू शकते. एखादा संघ प्रामाणिकपणे लढून हरतो, तेव्हा त्याच्यावर ओरडणे कोतेपणाचे आहे. पण खेळाडूंची भरती हंगाम तोंडावर येईपर्यंत सह्यांच्या वादात अडकून राहते आणि मग संघ हरतो, तेव्हा तो पराभव मैदानात झालेला नसून कचेरीत झालेला असतो. दोन्हींतला भेद ओळखणे ही चाहत्याची पहिली जबाबदारी. तो ओळखला गेला नाही की राग खेळाडूवर निघतो, पंचावर निघतो, शेजारच्या बाकावर बसलेल्या परक्या रंगाच्या माणसावर निघतो. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन क्लबांच्या सामन्यात सोळा प्रेक्षक मेले. प्रेमाच्या नावाने बोलणाऱ्याने ही तारीख विसरता कामा नये.

निषेधाच्या रीतीविषयीही असेच म्हणता येईल. मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांची तक्रार सबळ होती. २००५ साली ग्लेझर कुटुंबाने क्लब घेतला तो मुख्यतः कर्ज काढून, आणि त्याचा मोठा बोजा क्लबच्याच डोक्यावर टाकला. २ मे २०२१ रोजी चाहते मैदानात घुसले आणि लिव्हरपूलबरोबरचा सामना पुढे ढकलावा लागला. सामना थांबला म्हणून मला खेद वाटत नाही. त्या गोंधळात पोलीस जखमी झाले, याचा वाटतो. त्यांच्यापैकी काहींनी २००५ मध्येच वेगळा मार्ग धरला होता. त्यांनी सभासदांच्या मालकीचा एक लहान क्लब काढला आणि तळच्या पायरीपासून खेळावयास सुरुवात केली. हे सोडून जाणे म्हणजे निष्ठाभंग काय? सुरेशचंद्र चौधुरींनी १९२० साली दुसरे काय केले होते!

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली एका छोट्या ग्रंथात मांडले आहे की, संस्था बिघडू लागली म्हणजे माणसापुढे दोन वाटा असतात, निघून जाणे किंवा तोंड उघडणे. आणि निष्ठा ही जाणाऱ्याला थोपवून धरते. साबणाची वडी नापसंत झाली तर ग्राहक दुसरी घेतो, कारखान्यासमोर घोषणा देत बसत नाही. चाहत्याला दुसरी वडी नसते. म्हणून त्याचे ओरडणे हे अनिष्ठेचे नसून निष्ठेचेच चिन्ह आहे, आणि शहाण्या चालकाने रिकाम्या बाकांना भ्यावे, घोषणांना नव्हे. आपल्या वर्गाला हा भेद अपरिचित नाही. बिहार सरकारने आपल्या नोकरांना निदर्शने आणि संप या दोन्हींची बंदी केली होती. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने निदर्शनांवरची सरसकट बंदी रद्द ठरविली, संपावरची कायम ठेवली. म्हणजे काम न सोडता मन मोकळे करण्याची मुभा राहिली. कचेरीत वर्षानुवर्षे मान डोलावून घरी चडफडणाऱ्या माणसापेक्षा, टिपणीवर आपला वेगळा अभिप्राय लिहून मग हुकूम पाळणारा माणूस खात्याचा अधिक खरा नोकर असतो, असे मला वाटते. वरिष्ठांना तो क्वचितच आवडतो, ही गोष्ट निराळी.

ईस्ट बंगालचे पुढे काय झाले? २०२२ साली श्री सिमेंट गेली, इमामी आली. त्यानंतरच्या लागोपाठ तीन हंगामांत संघ लीगमध्ये नववा आला. मधेच जानेवारी २०२४ मध्ये भुवनेश्वरला त्याने सुपर कप जिंकला, तेव्हा राष्ट्रीय पातळीवरचा करंडक बारा वर्षांनी घरी आला होता. त्याच वर्षी १८ ऑगस्टला सॉल्ट लेकच्या स्टेडियमवर ड्युरँड कपात बागानशी सामना ठरला होता. आर. जी. कर रुग्णालयातील तरुण डॉक्टर स्त्रीच्या हत्येने शहर पेटलेले होते. बंदोबस्ताचे कारण सांगून सामना रद्द झाला. त्या संध्याकाळी लाल-सोनेरी आणि हिरवे-किरमिजी सदरे स्टेडियमबाहेर एकत्र आले आणि तिच्यासाठी न्याय मागू लागले. सामन्याला न मिळालेले पोलीस त्यांना पांगविण्यासाठी मात्र हजर होते.