बाहुलीचा हौद आणि याकोबाची विहीर



उपवासकाळाच्या या तिसऱ्या रविवारी आपण संत योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय ऐकतो. भर दुपारची वेळ आहे. प्रवासाने थकलेला येशू याकोबाच्या विहिरीजवळ बसला आहे. एक शोमरोनी स्त्री पाणी भरायला येते आणि येशू तिच्याजवळ प्यायला पाणी मागतो. ती चकित होते, कारण यहुदी लोक शोमरोन्यांच्या भांड्याला हात लावत नसत. पुढे तीच त्याला सांगते, "तुमच्याजवळ तर पोहराही नाही." हे वाक्य आपण ऐकतो आणि पुढे जातो. पण जरा थांबून विचार करा. पोहरा नाही, म्हणजे येशूला प्यायचे असेल तर तिच्याच भांड्यातून, तिच्याच हातून प्यावे लागणार. ते येशूला ठाऊक होते आणि त्याने तेच मागितले.

पुण्यात राहणाऱ्या माणसाला हा प्रसंग समजून घ्यायला फार दूर जावे लागत नाही. आपल्या शहरात पाण्याच्या आणि भांड्याच्या अशा पुष्कळ गोष्टी घडल्या आहेत.

अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून शहरात आणले. त्या पाण्यावर पेठापेठांतून हौद भरू लागले. पुण्यातल्या कितीतरी जागा आजही हौदांच्या नावाने ओळखल्या जातात. पण हौद शहराचे असले तरी शहरातल्या प्रत्येकाला तिथे घागर बुडवता येत नव्हती. ज्यांना अस्पृश्य मानले जाई, त्यांनी दूर उभे राहायचे आणि कोणाला दया आली तर वरून ओतलेले पाणी घ्यायचे. म्हणूनच 1868 मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद या लोकांसाठी खुला केला, तेव्हा शहरात खळबळ उडाली. नवे पाणी त्यांनी आणले नव्हते. होते तेच पाणी त्यांनी सर्वांचे केले.

फुले यांच्या सहकाऱ्यांपैकी एक होते डॉक्टर विश्राम रामजी घोले. शिवाजीनगरचा घोले रस्ता ज्यांच्या नावाने आहे तेच हे घोले. ते नामांकित शल्यवैद्य होते आणि सत्यशोधक समाजाचे पुढारी होते. त्यांना काशीबाई नावाची मुलगी होती. मुलीने शिकावे अशी डॉक्टरांची इच्छा होती आणि ते तिला शिकवीत होते. त्या काळी मुलीच्या हातात पाटी देणे म्हणजे घराण्याला बट्टा लावणे असे मानणारे लोक घरोघरी होते. 1877 मध्ये काशीबाई बालवयातच वारली. शिक्षणाला विरोध असलेल्यांनी तिला खाऊतून काच कुटून घातली, अशी हकिगत पुण्यात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते.

मुलगी गेलेल्या बापाने काय करावे? आपण सर्वांनी अशी घरे पाहिली आहेत. कोणी देवाशी अबोला धरतो, कोणी शेजाऱ्यांशी वैर धरतो, कोणी दार लावून घेतो. डॉक्टर घोले यांनी 1880 च्या सुमारास बुधवार पेठेत, आज जिथे फरासखाना पोलीस ठाणे आहे त्या परिसरात, मुलीच्या स्मरणार्थ पाण्याचा हौद बांधला आणि तो सर्व जातींच्या लोकांना खुला ठेवला. लोक त्याला बाहुलीचा हौद म्हणू लागले. आणि धाकटी मुलगी गंगूबाई हिला शिकवण्याचे त्यांनी थांबवले नाही. हीच पुढे गंगूबाई खेडकर म्हणून ओळखली गेली.

शुभवर्तमानात याईर नावाचा एक बाप आहे. त्याची बारा वर्षांची मुलगी मरणाच्या दारी असते. येशू तिचा हात धरून तिला उठवतो आणि तिला खायला द्या असे सांगतो. डॉक्टर घोले यांना त्यांची मुलगी परत मिळाली नाही. डॉक्टर असूनही ते तिला वाचवू शकले नाहीत. तरीही दुसऱ्यांच्या तहानलेल्या मुलांना पाणी मिळेल अशी व्यवस्था त्यांनी केली. ते ख्रिस्ती नव्हते. पण तहानलेल्याला पाणी देणाऱ्याने ते मलाच दिले, असे प्रभू संत मत्तयच्या शुभवर्तमानात सांगतो, तेव्हा पाणी देणाऱ्याचा धर्म तो विचारत नाही.

आज या हौदाची काय अवस्था आहे? मंडईकडून किंवा दगडूशेठ गणपतीकडून जाताना आपल्यापैकी अनेकजण त्याच्याजवळून गेले असतील, आणि हौद पाहिला का असे विचारले तर बहुतेकजण नाही म्हणतील. वाहने, दुकाने, फेरीवाले, गर्दी. त्यात कोणाचे लक्ष जात नाही. हौदाचे नाव उरले आहे. घागर घेऊन तिथे कोणी जात नाही.

घरोघरी नळ आले ही चांगलीच गोष्ट झाली. आपल्या आयाबहिणींनी पुन्हा डोक्यावर हंडे वाहावेत असे कोणाला वाटणार नाही. प्रश्न वेगळा आहे. एखादी वस्तू उपयोगातून गेली की तिच्याबरोबर तिची आठवणही जावी का? जवळच भिडेवाडा होता. तिथे 1848 मध्ये फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली. तो वाडा वर्षानुवर्षे मोडकळीस आलेला उभा होता आणि न्यायालयात वाद चालू होता. अखेर 2023 च्या डिसेंबरमध्ये तो पाडला गेला, राष्ट्रीय स्मारक उभारण्यासाठी. स्मारक होत आहे याचा आनंदच आहे. पण मूळ भिंती पडेपर्यंत वाट पाहायची आणि मग स्मारक बांधायचे, ही आपली सवय झाली आहे.

ॲरिस्टॉटल हा ग्रीक तत्त्ववेत्ता म्हणे की एखादी वस्तू समजून घ्यायची तर चार गोष्टी विचाराव्यात: ती कशाची आहे, तिचा आकार कोणता, ती कोणी घडवली आणि ती कशासाठी आहे. चौथा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. बाहुलीचा हौद दगडाचा आहे, त्याला आकार आहे, तो बांधणारा माणूस आपल्याला माहीत आहे. पण तो कशासाठी आहे? केवळ पाण्यासाठी म्हणाल तर पुण्यात तेव्हा दुसरे हौद होतेच. हा हौद अशासाठी होता की घागर कोणाची आहे हे कोणी विचारू नये. उद्या महानगरपालिकेने दगड धुऊन काढले, रंग दिला, भोवती कठडा बसवला, दिवे लावले, तरी हे 'कशासाठी' आपण विसरलो तर हौद दुरुस्त होऊनही कोरडाच राहील.

उत्पत्तीच्या पुस्तकात 26 व्या अध्यायात इसहाकाची एक गोष्ट आहे. ती आपण फारशी वाचत नाही. त्याचा बाप अब्राहाम याने खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवून टाकल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या आणि बापाने दिलेली नावेच त्यांना पुन्हा दिली. विहीर बुजते कशी? कधी कोणी वैराने माती टाकतो. पण पुष्कळदा कोणी काहीच करत नाही, वारा धूळ आणतो, पाने पडतात, वर्षे जातात. बंधुभगिनींनो, आपल्या शहरातला हा हौद बहुधा दुसऱ्या प्रकारे बुजला. आणि आपल्या मनातली विहीरही बहुधा अशीच बुजते.

कायदा झाला, ठराव झाला म्हणजे पाणी खुले होते असे नाही. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला होता. तरी 20 मार्च 1927 रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी लोकांसह तिथे जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले, आणि त्यासाठी लोकांनी मार खाल्ला. आपल्या पुण्यातच 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींना चहा दिला गेला. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हातचा चहा, एवढेच कारण. त्यावरून शहरात केवढे वादळ उठले! न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. त्या दिवशी 'बाटवणारे भांडे' आपले होते, ख्रिस्ती लोकांचे होते. ज्यांच्या कपाला एकेकाळी लोक भ्याले, त्या आपण तरी दुसऱ्याचा कप वेगळा ठेवू नये.

म्हणून आज मी हौदाकडून आपल्या घराकडे वळतो. आपल्या धर्मग्रामातल्या कितीतरी भगिनी दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी आणि स्वयंपाक करतात. त्यांच्यापैकी काहींना आजही चहा वेगळ्या कपातून मिळतो. तो कप खिडकीत किंवा मोरीजवळ उपडा घातलेला असतो आणि ज्या बाईने घरातली सगळी भांडी घासली तिने तो स्वतःच विसळून पुन्हा तिथेच ठेवायचा असतो. आपण म्हणू, हे इतरांच्या घरचे. पण आपल्यापैकी ज्यांच्या घरी कामाला बाई येते, त्यांनी आज घरी गेल्यावर आपल्याच स्वयंपाकघरात पाहावे. तिचा कप कोणता आहे? कचरा न्यायला येणाऱ्या माणसाने मे महिन्यात पाणी मागितले तर आपण कशातून देतो?

आणि आणखी एक कठीण गोष्ट. आपल्या चर्चमध्ये अहिल्यानगर, जालना, गोवा, मंगळूर, केरळ, तमिळनाडू अशा सगळीकडची कुटुंबे आहेत. मिस्सात आपण सगळे एका रांगेत उभे राहून एकच ख्रिस्तशरीर स्वीकारतो. पण मुलामुलींची स्थळे पाहताना "मूळचे कुठले?" असा जो प्रश्न हळूच विचारला जातो, त्याचा खरा अर्थ आपल्याला सर्वांना कळतो. भारतातील कॅथलिक महागुरूंनी 2016 मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि जातिभेद हे गंभीर सामाजिक पाप असल्याचे स्पष्ट केले. ख्रिस्तसभेच्या आत हा भेद नसता, तर असे धोरण लिहावे लागले नसते. चर्चच्या दारात शिरताना आपण पवित्र पाण्यात बोटे बुडवतो. ते पात्र सर्वांसाठी एकच आहे. तोच आपला बाहुलीचा हौद. स्नानसंस्काराचे पाणीही आपणा सर्वांच्या डोक्यावर एकाच नावाने ओतले गेले आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये 'लाउदातो सी' या परिपत्रकात सांगितले की पिण्यायोग्य सुरक्षित पाणी मिळणे हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, आणि ज्यांना ते मिळत नाही त्यांचे जगाने मोठे ऋण फेडायचे आहे. आपल्यावरही या शहराचे ऋण आहे. क्वार्टर गेटजवळचे सिटी चर्च 1792 मध्ये पेशव्यांनी दिलेल्या जागेवर उभे राहिले. दुसऱ्या धर्माच्या राज्यकर्त्याने आपल्याला प्रार्थनेसाठी जागा दिली. त्या शहरातला एक हौद दुर्लक्षित असेल तर ती केवळ महानगरपालिकेची किंवा इतिहासप्रेमी मंडळींची काळजी आहे असे आपण म्हणू शकत नाही.

या उपवासकाळात तीन गोष्टी करू या. पहिली, आपल्या मुलांना घेऊन एकदा फरासखान्याजवळ जा, त्यांना हौद दाखवा आणि काशीबाईचे नाव सांगा. विशेषतः मुलींना सांगा, की तुझ्या हातातले पुस्तक फुकट मिळालेले नाही. दुसरी, उन्हाळा सुरू होत आहे. चर्चच्या फाटकाशी पाणपोई ठेवायची असेल तर माठ भरण्याची पाळी लावून घ्यावी लागेल; तरुण मंडळाने आणि व्हिन्सेंट डी पॉलच्या सभासदांनी मिस्सानंतर मला भेटावे. ग्लास सर्वांना एकच असेल. तिसरी, घरातला तो वेगळा कप इतर कपांमध्ये मिसळून टाका. त्यासाठी ठराव नको, वर्गणी नको, परवानगी नको. आज संध्याकाळीच होण्यासारखे काम आहे.

त्या शोमरोनी स्त्रीने शेवटी आपली घागर विहिरीवरच टाकली आणि ती गावात धावत गेली. ज्याने तिच्या हातचे पाणी मागितले, त्याच्याविषयी तिला सर्वांना सांगायचे होते. प्रभू येशू आपल्याजवळही पाणी मागत आहे. तो कोणाच्या रूपाने दारात येईल आणि आपण कोणत्या भांड्यातून त्याला देऊ, याचा विचार या आठवड्यात करू या.

प्रभू आपल्या कुटुंबांना आणि आपल्या पुणे शहराला आशीर्वाद देवो. आमेन.

आपला,
प्रमुख धर्मगुरू