बाज वाहणारे चौघे

शास्त्रपाठ : मार्क २:१-१२



कफर्णहूमच्या त्या पक्षघाती मनुष्याला प्रभूजवळ आणणारे चौघे जण होते. एकट्याला ती बाज पेलली नसती. आज मात्र आपल्या कित्येक घरांत कर्करोगाने आजारी असलेल्याची बाज एकटा जोडीदारच वाहत असतो.

इंदूर, बेळगाव, हैदराबादकडून पुष्कळ कुटुंबे उपचारासाठी मुंबईस परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात जातात. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयात आजाऱ्याच्या उशाशी बहुधा पती किंवा पत्नीच रात्र काढते. परत आल्यावर मंडळी विचारते, "आजाऱ्याचे कसे काय?" पण "बाई, तुम्हाला झोप लागते का?" हे कोण विचारतो?

आणखी एका दुःखाविषयी आपण बोलतच नाही. औषधांनी केस गळतात, थकवा येतो. कोणा भगिनीचा स्तन काढावा लागतो. गर्भाशयाच्या मुखावर किरणोपचार झाल्यास पतीचा सहवास वेदनादायक होऊ शकतो. प्रॉस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर पुरुषालाही अशीच अडचण येते. मग तिला वाटते, मी आता नकोशी झाले. त्याला वाटते, हात लावला तर तिला दुखेल. दोघेही प्रेमापोटीच गप्प राहतात, आणि त्या मौनाने अंतर वाढते.

प्रियांनो, हा देवाचा कोप नव्हे. कर्करोग स्पर्शाने लागत नाही. यांतील पुष्कळ त्रासांवर उपाय आहेत. ते डॉक्टरांना विचारण्यात लाज नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात पतिपत्नींना एकदेह म्हटले आहे, ते फक्त धडधाकट देहापुरते नव्हे. हातात हात घेणे, मनातली भीती सांगणे, मिळून प्रार्थना करणे, हेही एकदेह असणेच आहे.

मंडळीने काय करावे? एका दुपारी आजाऱ्याजवळ बसा, म्हणजे जोडीदाराला झोप मिळेल. डबा पोहोचवा. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी त्या घरची मुले आपल्याबरोबर आणावीत. "तुमचा विश्वास कमी पडला" असे मात्र कोणी म्हणू नये.

मार्क सांगतो की, प्रभूने बाज वाहणाऱ्यांचाही विश्वास पाहिला. त्याची दृष्टी त्यांच्या थकलेल्या खांद्यांवरही होती. आपलीही असो. तुमच्या शेजारच्या घरी बाजेचे तीन कोपरे अजून रिकामे असतील. त्यांतला एक तुम्ही धरा. आमेन.