आवाज ऐकला, म्हणणे राहिले

शीळफाट्यावर कल्याणचा, मुंब्र्याचा, पनवेलचा नि महाप्याचा असे रस्ते एकत्र येतात. पावसाळ्यात तिथे घटकाभर उभे राहिले की मालमोटारींची घरघर, साखळ्यांचा खणखणाट, पावसाची रिपरिप सारे एकदम कानी येते. या शब्दांचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही. व्याकरणकार यांना अनुकरणवाचक म्हणतात. पण अनुकरण कोणाच्या कानाने? आमचा कोंबडा कुकूचकू करतो, फ्रेंचांचा कोकोरिको, जपान्यांचा कोकेकोक्को. कोंबडा तोच हो!

आता पावसाला रिपरिप म्हटल्याने पावसाचे काही जात नाही. माणसाच्या बोलण्याला असे नाव दिले म्हणजे मात्र निराळे घडते. सासूची वटवट, सुनेची कुरकुर, पोराची भुणभुण: यांत आवाज तेवढा उरतो, म्हणणे गळून पडते. प्राचीन ग्रीकांना परक्यांची भाषा नुसती 'बर बर' अशी ऐकू आली आणि त्यांनी त्या माणसांचे नावच 'बार्बरोस' ठेवले. आपल्या संस्कृतातही 'बर्बर' आहेच, तेव्हा ग्रीकांना एकट्यांना बोल लावता येत नाही.

वारकऱ्यांना हे दुखणे नवे नाही. आपल्याला टाळकुटे म्हणून हिणवणाऱ्यांच्या कानी टाळ गेला, नाम गेले नाही. याचा राग आम्हांस येतो, आणि यावाच. पण दिंडीत मागून चालणारी म्हातारी चार कोस तेच तेच सांगत येते, तेव्हा तिला भुणभुण म्हणणारेही आपल्यातलेच असतात. तिच्या पायाला फोड आलेला असतो, एवढेच तिचे म्हणणे.