परिणामावांचूनची चूक

ज्या चुकीनें कोणाचेंही कांहीं बिघडलें नाहीं, ती कबूल करण्याचें बंधन मनुष्यावर असतें काय? प्रश्न प्रथमदर्शनीं रिकामटेकड्या तार्किकांचा वाटेल. परंतु गेल्या दिवाळींत माझ्या पुतण्यानें तो आमच्या जवळा बाजारच्या घरीं ओसरीवर मला विचारला, तेव्हां फराळाचें ताट समोर असून त्यानें त्याला हात लावला नव्हता.

त्याचा व्यवसाय थोडक्यांत सांगणें प्राप्त आहे. तो पुण्यास बसून परदेशांतील एका मोठ्या पेढीचे मेनफ्रेम जातीचे संगणक सांभाळणाऱ्या मंडळींपैकीं एक आहे. या संगणकाची हिशेब करणारी पेटी वेगळी, आणि लोकांचीं खातीं ज्यांत सांठविलेलीं असतात तीं कपाटें वेगळीं. दोहोंमध्यें कांचेच्या तंतूंतून माहिती प्रकाशरूपानें धांवत असते. आयबीएम कंपनीनें हे तंतू १९९० सालीं ‘एस्कॉन’ या नांवानें आणले आणि १९९८ पासून ‘फायकॉन’ ही अधिक वेगवान पद्धति सुरू केली. या वाटांच्या चौकांत जें यंत्र उभें असतें त्याला स्विच म्हणतात. त्याला दारें, म्हणजे पोर्ट, पुष्कळ; आणि कोणीं कोणास भेटावें याच्या याद्या, ज्यांना झोन हें नांव आहे, त्या माझ्या पुतण्यासारख्यांच्या हातीं. दारांचे क्रमांक सोळाच्या पटीनें मोजतात. सोळा आण्यांचा रुपया १९५७ पर्यंत ज्यांनीं मोजला त्यांना याचें नवल वाटूं नये.

या यंत्राची एक रीत मला फार आवडली. घेणारा प्रथम सांगतो कीं माझ्यापाशीं इतक्या पुडक्यांपुरती जागा आहे, आणि देणारा तितकींच पुडकीं पाठवून थांबतो. जागा झाल्याची खूण आल्यावांचून पुढचें पाठवीत नाहीं. आमच्या सभांतील वक्त्यांना ही रीत कोणी शिकवील तर बरें! असो.

मुख्य गोष्ट ही कीं अशीं जाळीं एक नसून दोन, एकमेकांपासून सर्वस्वीं स्वतंत्र, बांधलेलीं असतात. एकींतली वाट बंद पडली तर संगणक आपण होऊन दुसरीनें जातो, आणि ज्याचें खातें आहे त्याला त्याची वार्ताही लागत नाहीं.

आतां घडलेली हकीकत. एके रात्रीं एक जीर्ण झालेला प्रकाशदर्शी तुकडा बदलावयाचा म्हणून एक दार बंद करावयाचें होतें. तक्त्यावर जो क्रमांक होता तो पुतण्यानें बंद केला. परंतु तक्ताच जुना होता, आणि बंद झालें तें शेजारचें चालतें दार. नऊ मिनिटांनीं त्याच्या तें ध्यानीं आलें, त्यानें दार उघडलें, योग्य तें बंद करून काम पुरें केलें. संगणकाच्या नोंदींत दोन ओळी उमटल्या. त्या कोणी वाचल्या नाहींत.

“काका, एका पैचाही व्यवहार अडला नाहीं,” तो म्हणाला. “मग मी सांगूं तें काय? आणि आमच्याकडे अशी कबुली वर्षअखेरच्या मूल्यमापनांत मोजली जाते, हें तुम्हांला ठाऊक नाहीं.”

मला खरोखरच ठाऊक नव्हतें, आणि म्हणून त्याला भित्रा म्हणण्याचा मोह मीं आवरला. जी संस्था खरें बोलणाऱ्याचा पगार कापते तिनें नोकरांच्या मौनाबद्दल तक्रार करणें मला हास्यास्पद वाटतें.

तथापि त्याचा युक्तिवाद मला पटला नाहीं. परिणाम झाला नाहीं हें खरें, पण तो कोणाच्या पुण्याईनें? दुसऱ्या जाळ्याच्या. त्या नऊ मिनिटांत त्या जाळ्यांतही कांहीं बिघडलें असतें तर? दुसरी वाट ठेवलेली असते ती अवचित संकटासाठीं. यानें आपल्या चुकीपोटीं तिच्यावर भार टाकला आणि तो टाकल्याचें कोणास कळूं दिलें नाहीं. लोकमान्य टिळकांनीं ‘गीतारहस्यां’त (१९१५) असा पक्ष मांडला आहे कीं कर्माची परीक्षा त्याच्या बाह्य परिणामावरून न करतां कर्त्याच्या बुद्धीवरून करावी. हें माप लावलें तर दार चुकणें हा दोषच नव्हे; तेव्हां त्याची बुद्धि शुद्ध होती. दोष सुरू झाला तो दार पुन्हां उघडल्यावर, तो गप्प बसला तेथून. शिवाय तो चुकीचा तक्ता भिंतीवर तसाच आहे! उद्यां दुसरा कोणी तरुण तोच वाचील, आणि त्या रात्रीं दुसरें जाळें दुरुस्तीसाठीं बंद असेल.

इतकें बोलून मीं थांबावयास हवें होतें. पण त्यानें विचारलें, “काका, तुम्ही असें कधीं केलें नाहीं?”

तरुणपणीं मीं येथल्याच एका आडतींत हिशेब लिहीत असें. एका संध्याकाळीं दोन शेतकऱ्यांच्या तुरीच्या पोत्यांचीं वजनें माझ्या हातून अदलाबदल होऊन लिहिलीं गेलीं. फरक अकरा किलोंचा. दिवसाची एकूण बेरीज तंतोतंत जुळली, कारण एकाचें उणें तें दुसऱ्याचें अधिक. शेठजींनीं जुळलेली बेरीज पाहून वही मिटली. चार दिवसांनीं मापाड्याच्या चिठ्ठ्या लावतांना मला चूक दिसली, तोंवर दोघेही पैसे घेऊन गेलेले. मीं चिठ्ठ्या तारेला ओंवल्या आणि घरीं गेलों. माझ्या चुकीला परिणाम होता. तो फक्त बेरजेंत दिसत नव्हता.

ही गोष्ट मीं पत्नीलाही सांगितली नव्हती. पुतण्या कांहीं बोलला नाहीं, त्यानें करंजी उचलली. पुण्यास गेल्यावर आठ दिवसांनीं त्याचा फोन आला: सर्व लिहून दिलें, तक्ता बदलला, मूल्यमापन मार्चमध्यें आहे.

ज्याचे अकरा किलो गेले तो शेतकरी वारला. त्याचा मुलगा अजून बाजारांत माल आणतो, वाटेंत भेटला तर रामराम करतो, आणि मीही करतों.