न मोजता लिहिलेलं १२०/८०

उभ्या राहा सगळ्या. हे पान कुणी भरलं? वॉर्डातल्या एकूण एक गर्भवतीचं बीपी १२०/८०! पट्टा एकीच्या तरी दंडाला बांधला होता का? तिला पाच मिनिटं शांत बसवलं होतं? पाठीला टेकू, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला? की मागचं पान पाहून आकडे उतरवले? याला आळस म्हणून सोडणार नाही मी. ही फसवणूक आहे.

विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० झालं तरी बाईला बहुधा काहीच जाणवत नाही. डोकं ठणकायला, डोळ्यांपुढे अंधारी यायला लागते तोवर आजार बळावलेला असतो. वारेतून बाळाला रक्त कमी पोचतं, त्याची वाढ खुंटते, कधी दिवस भरण्याआधीच बाळंतपण करावं लागतं. हे वेळेत कळायला तुमच्या हातातल्या पट्ट्याशिवाय दुसरं आहे काय?

म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल इस्पितळात १९३४ पासून नवजात बाळाचं वजन, लांबी, डोक्याचा घेर मोजून वहीत लिहीत. पुढे काय उपयोग होईल, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? साठ वर्षांनी संशोधकांनी त्या वह्यांवरून माणसं शोधली आणि दिसलं, की जन्मतः हलक्या असलेल्यांत हृदयविकार जास्त. पुढे तिथेच १९९७-९८च्या सुमारास जन्मलेली मुलं नऊ-दहा वर्षांची झाल्यावर तपासली. जन्मवेळी वजन आणि डोक्याचा घेर जास्त असलेली मुलं स्मरणशक्तीच्या, तर्काच्या चाचण्यांत सरस ठरली. फिनलंडमध्ये तर थेट आईच्या बीपीचा माग काढला. १९३४ ते ४४ मध्ये जन्मलेल्या ज्या पुरुषांच्या आयांना गरोदरपणी बीपी होतं, ते म्हातारपणीही हिशेबाच्या चाचणीत मागे होते. त्या नोंदी कुणी मनाने लिहिल्या असत्या, तर यातलं काय कळलं असतं?

आणि खबरदार, बीपी वाढलेल्या बाईला ‘तुमचं मूल मंद होईल’ असं कुणी म्हणालात तर! हा फरक सरासरीतला आहे, थोडासा आहे. एका मुलाचं भविष्य त्यावरून सांगता येत नाही. तिला घाबरवू नका, तिच्यावर उपचार होतील हे बघा.

आता हे पान रद्द करा. प्रत्येकीचं बीपी पुन्हा मोजा, बाही वर सारून. जिचं १४०/९० किंवा त्याहून जास्त भरेल, तिची लघवी प्रथिनासाठी तपासायला द्या आणि डॉक्टरांना तिथल्या तिथे कळवा. मोजता आलं नाही, तर रकाना कोरा सोडा आणि माझ्याकडे या. कोरा रकाना पाहून निदान कुणीतरी विचारेल. खोटा आकडा पाहून कुणीही विचारणार नाही.