शरीर कोणाचे? गोंदण, मधुमेह आणि आपला विवेक



"फादर, टॅटू काढणे पाप आहे का?" हा प्रश्न तरुण मुले हल्ली वारंवार विचारतात. विचारणाऱ्याला मधुमेह असेल, तर तोच प्रश्न अधिक अवघड होतो. समजा, बावीस वर्षांची एक मुलगी आहे. वयाच्या अकराव्या वर्षापासून ती इन्सुलिन घेते. तिला मनगटावर एक लहानसा क्रूस गोंदवून घ्यायचा आहे. आई म्हणते, "देवाने दिलेल्या अंगावर असले काही करायचे नसते." वडील म्हणतात, "शुगर असताना हे खूळ कशाला?" मुलगी म्हणते, "अंग माझे आहे, मग निर्णयही माझाच." तिघांच्याही म्हणण्यात काही सत्य आहे, पण कोणा एकाच्या म्हणण्यात ते पुरते सामावलेले नाही. म्हणून तिघांचेही म्हणणे शांतपणे ऐकून घेऊ या.

प्रथम आईचा आक्षेप. तिला आधार आहे तो लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायातील अठ्ठाविसाव्या ओवीचा. मृतांसाठी अंगावर जखमा करून घेऊ नका आणि अंग गोंदवून घेऊ नका, अशी आज्ञा तेथे इस्राएली लोकांना दिलेली आहे. तिचा रोख शेजारच्या मूर्तिपूजक लोकांच्या मृतांविषयीच्या विधींकडे आहे. परमेश्वराच्या लोकांनी त्या विधींपासून दूर राहावे, हा तिचा हेतू. त्याच अध्यायात, अगदी आधीच्या ओवीत, दाढीचे कोपरे छाटू नका असेही सांगितलेले आहे. पण दाढी करताना ती ओवी आपल्यापैकी कोणाला आठवत नाही. जुन्या करारातील अशा विधिनियमांचे बंधन ख्रिस्ती माणसावर नाही, ही चर्चची प्रेषितांच्या काळापासूनची शिकवण आहे.

शिवाय गोंदणाला ख्रिस्ती परंपराही आहे. इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती लोक उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूस लहान क्रूस गोंदवतात. छळाच्या काळातही पुसता येणार नाही अशी ती श्रद्धेची खूण. जेरुसलेममध्ये रझ्झूक नावाचे कॉप्टिक कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंच्या हातावर क्रूस गोंदत आले आहे. मार्च २०१८ मध्ये रोम येथे तरुणांच्या मेळाव्यात याच विषयावर प्रश्न आला, तेव्हा दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी एरिट्रियातील ख्रिस्ती लोकांच्या कपाळावरील क्रूसाची आठवण करून दिली. टॅटूला घाबरू नका, अतिरेक मात्र टाळा, आणि तरुणाच्या अंगावर खूण दिसली तर तिचा अर्थ विचारून त्याच्याशी संवाद सुरू करा, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

आपल्या महाराष्ट्रातही जुन्या पिढीतील कितीतरी आयाबायांच्या कपाळावर आणि हातावर गोंदण असे. मेल्यावर दागदागिने इथेच राहतात, गोंदण तेवढे सोबत येते, अशी त्यामागची समजूत. त्या समजुतीला आपण श्रद्धेचे स्थान देणार नाही. पण गोंदण म्हणजे केवळ परदेशी फॅशन, असेही म्हणता येणार नाही. तेव्हा आईला एवढेच सांगता येईल: गोंदण स्वतःहून पाप नाही. ते कशासाठी, कशाचे आणि कोणत्या परिस्थितीत, यावर त्याचे बरेवाईटपण ठरते.

आता वडिलांचा आक्षेप. तो अधिक गंभीर आहे, कारण तो सरळ शरीराविषयी आहे. टॅटूच्या यंत्राची सुई मिनिटाला शेकडो, कधी हजारो वेळा त्वचेत शिरते आणि एक ते दोन मिलिमीटर खोल शाई सोडते. म्हणजे टॅटू ही एक जखमच आहे. वरची त्वचा भरून यायला निरोगी माणसालाही साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. रक्तातील साखर सतत जास्त असेल तर जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात, बारीक रक्तवाहिन्यांतून पुरवठा कमी होतो आणि जखम चिघळण्याचा धोका वाढतो. जुन्या मधुमेहात पायांची संवेदनाही बोथट होते, त्यामुळे जखम पिकली तरी कळत नाही. म्हणूनच पाऊल, घोटा आणि नडगी या जागी मधुमेहींनी गोंदवून घेऊ नये, असा सल्ला दिला जातो. जेथे इन्सुलिनचे इंजेक्शन घेतले जाते, त्या पोट, मांडी, दंड यांवरील जागाही वर्ज्य समजाव्यात. सुई दुसऱ्यासाठी वापरलेली असेल तर हिपॅटायटीस बी, हिपॅटायटीस सी आणि एचआयव्ही यांची भीती सर्वांनाच असते, मधुमेह असो वा नसो.

पण वडिलांच्या शब्दांत एक चूकही आहे. मधुमेह म्हणजे सरसकट मनाई, असे वैद्यकशास्त्र म्हणत नाही. ते विचारते की साखर ताब्यात आहे का? मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए-वन-सी ही रक्ताची तपासणी बहुतेकांच्या परिचयाची आहे. पुष्कळ प्रौढांसाठी ती सातच्या आसपास किंवा खाली असावी असे डॉक्टर सांगतात; प्रत्येकासाठी योग्य आकडा कोणता, हे त्याचे डॉक्टर ठरवतात. ती ताब्यात असेल, पाय, मूत्रपिंडे आणि नसा ठीक असतील, तर धोका पुष्कळ कमी होतो. शून्य होत नाही. "खूळ" या शब्दाने वडील तो विचारच बंद करून टाकतात.

आणि आता मुलीचे म्हणणे: अंग माझे आहे. येथे तत्त्वज्ञानाचा खरा प्रश्न येतो. माझे शरीर माझ्या मालकीचे आहे का? घड्याळ माझ्या मालकीचे आहे, ते मी विकू शकतो, फेकू शकतो. मी आणि घड्याळ वेगळे आहोत. शरीराचे तसे नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी शिकवले की आत्मा म्हणजे शरीरात बसलेला भाडेकरू नव्हे. आत्मा आणि शरीर मिळून एक माणूस होतो. माझ्या शरीराला जे होते ते मलाच होते. म्हणून "शरीर माझे आहे" यापेक्षा "शरीर म्हणजे मी आहे" हे अधिक खरे. आणि मी स्वतःला निर्माण केलेले नाही. संत पौल करिंथकरांस लिहिताना शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हणतो, आणि आपण आपले स्वतःचे नाही, मोल देऊन विकत घेतलेले आहोत, याची आठवण देतो (१ करिंथ ६:१९-२०).

पोप बारावे पायस यांनी १९५२ साली डॉक्टरांपुढे बोलताना हाच विचार मांडला होता: माणूस आपल्या शरीराचा सर्वाधिकारी स्वामी नाही, त्याला त्याच्या वापराचा हक्क दिलेला आहे, आणि शरीराचा प्रत्येक अवयव संपूर्ण माणसाच्या हितासाठी आहे. आपल्या वसईकडच्या माणसाला हे वाडीच्या उदाहरणाने चटकन कळेल. वाडवडिलांकडून आलेल्या वाडीत केळी लावायची की मोगरा, कुंपणाला कोणता रंग द्यायचा, हे आपण ठरवतो. ते ठरवायला कोणाची परवानगी लागत नाही. पण विहीर इतकी उपसायची की तिच्यात खारे पाणी शिरावे, हा हक्क आपल्याला नाही. कारण वाडी आपल्याकडे आली आहे ती राखून पुढे देण्यासाठी. कुंपण रंगवणे आणि विहीर खारी करणे यांतला फरक ओळखणे म्हणजेच विवेक. टॅटू हे कुंपण रंगवण्यासारखे असू शकते. साखर अनियंत्रित असताना काढलेला टॅटू मात्र विहिरीपर्यंत पोहोचतो.

इन्सुलिनवर जगणाऱ्या माणसाला तर हे राखणे अधिक जवळून कळते. १९२१ साली टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम दिले गेले. त्याआधी लहान वयातला मधुमेह म्हणजे बहुधा काही महिन्यांचे, फार तर थोड्या वर्षांचे आयुष्य. संशोधकांनी त्याचे पेटंट एकेका डॉलरला टोरांटो विद्यापीठाला देऊन टाकले. आज ज्या मुलाला वा मुलीला रोज इन्सुलिन मिळते, त्याच्या शरीरात अनेक अनोळखी माणसांचे श्रम आहेत, आईची जागरणे आहेत, वडिलांचा ओव्हरटाइम आहे. असे शरीर "फक्त माझे" कसे म्हणावे?

तरीही त्या मुलीच्या शब्दांमागचे दुःख ऐकल्याशिवाय आपण तिला उत्तर देऊ नये. अकराव्या वर्षापासून तिच्या शरीराचे निर्णय इतरांनी घेतले आहेत. वाढदिवसाचा केक मोजून, सहलीला जायचे तर डबा आणि सुई घेऊन, लग्नाच्या बोलण्यात आजाराची कुजबूज. बोटांच्या टोकांवर तपासणीच्या टोचण्या आणि पोटावर इंजेक्शनच्या खुणा तिने मागितलेल्या नव्हत्या. एक तरी खूण आपण स्वतः निवडलेली असावी, असे तिला वाटत असेल, तर त्याला पोरकटपणा म्हणता येणार नाही. ज्या देहाने तिला इतके छळले त्याच देहावर ती प्रभूचा क्रूस मागत आहे. पुनरुत्थित प्रभूनेही आपल्या हातांवरचे व्रण पुसून टाकले नाहीत. थोमाला ते दाखवले. जखमेच्या जागी प्रेमाची खूण असू शकते, हे आपल्याला ठाऊक असायला हवे.

मग उत्तर काय? धर्मशास्त्र याला दूरदर्शी शहाणपणाचा सद्‌गुण म्हणते. चांगला हेतू पुरेसा नसतो; योग्य वेळ, योग्य जागा आणि योग्य मार्ग हेही पाहावे लागते. चर्चच्या उपवासाच्या नियमाकडे पाहा. राखेच्या बुधवारी आणि शुभ शुक्रवारी उपवास हा अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत सर्वांना बंधनकारक आहे. पण आजारी माणसाला त्यातून सूट आहे. मधुमेहीने उपवासासाठी इन्सुलिन वा जेवण चुकवून चक्कर येऊन पडावे, अशी चर्चची इच्छा नाही. साक्षात देवासाठी केलेले तपही जेथे आरोग्यापुढे थांबते, तेथे एक खूण, मग ती क्रूसाची का असेना, काही महिने थांबू शकते.

म्हणून त्या मुलीला सांगावे: बाळ, आधी तुझ्या डॉक्टरांना विचार. साखर काही महिने सातत्याने ताब्यात राहू दे. पायावर नको, इंजेक्शनच्या जागी नको. जत्रेतल्या पालात नको. तुझ्यासमोर नवी सुई उघडणारा, हातमोजे घालणारा, नवी शाई काढणारा माणूस असेल तेथेच जा. जाताना जेवून जा, साखर तपास, जवळ थोडी ग्लुकोज ठेव, कारण वेदनेने साखर वाढते आणि उपाशी बसल्याने उतरते. नंतर लाली पसरली, पू दिसला, ताप आला, तर लपवू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि डॉक्टर "नको" म्हणाले, तर ते ऐकण्यातही क्रूसाचाच एक भाग आहे. बाप्तिस्मा आणि दृढीकरण यांनी तुझ्या आत्म्यावर जी मुद्रा उमटवली आहे ती कधीही पुसली जात नाही, असे चर्च शिकवते. त्या खुणेला ना सुई लागते, ना शाई.

पाश्चात्त्य देशांत काही मधुमेही मनगटावर आपल्या आजाराचे नावच गोंदवतात, म्हणजे बेशुद्ध पडल्यास मदतीला येणाऱ्याला कळावे. हेतू स्तुत्य आहे. पण पाकिटातले कार्ड किंवा हातातले कडे हेच काम सुईशिवाय करते. ज्या गोष्टीचे फळ कमी धोक्यात मिळते, ती कमी धोक्यानेच करावी.

शेवटी एक गोष्ट आपल्या सर्वांसाठी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या पाहणीत आपल्या देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज दिला आहे. त्यांच्यातील टॅटू काढणारे थोडे. सणाच्या जेवणात "आज एक दिवस चालते" म्हणणारे पुष्कळ. गोळ्या संपल्या तरी आठवडाभर न आणणारे, तळपायाला फोड आला तरी त्यावर हळद दाबून कामाला जाणारे, मुलीच्या मनगटाकडे बोट दाखवताना स्वतःच्या पायाकडे न पाहणारे पुष्कळ. शरीर मंदिर आहे, हे वचन आपण दुसऱ्याच्या टॅटूसाठी राखून ठेवलेले नाही ना? कॅथलिक चर्चचा कॅटेकिझम जीवन आणि आरोग्य यांना देवाने सोपवलेल्या मौल्यवान देणग्या म्हणतो, आणि त्याच वेळी शरीराची पूजा मांडण्याविरुद्ध इशाराही देतो. दोन्ही वाक्ये तरुणांना जितकी लागू आहेत तितकीच वडीलधाऱ्यांनाही.

तेव्हा या रविवारी ज्या घरात मधुमेही आहे, त्या घरात दोन गोष्टी व्हाव्यात. तरुणाने काही मागितले तर "नाही" म्हणण्यापूर्वी "का?" असे प्रेमाने विचारावे आणि उत्तर पूर्ण ऐकावे. आणि रात्री झोपण्यापूर्वी घरातल्या मधुमेही माणसाचे पाय कोणीतरी धुऊन, कोरडे करून, तळवे व बोटांच्या बेचक्या नीट पाहाव्यात. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले होते. आपल्यालाही एवढे जमेल.

प्रभू आपणा सर्वांना देहाने व आत्म्याने सुदृढ ठेवो.

आपला ख्रिस्तात,
धर्मगुरू